नागवेलीचा विदर्भातील वृत्तांत

आपल्या स्मरणिकेत वधू-वरांची सूची, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि देणगीदारांची नामावली प्रतिवर्षी प्रसिद्ध होत असते आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु ज्या वेलीपायी आपणांस बारी, बरई, तांबोळी ही नावे लाभली, त्या नागवेलीचा वृत्तांत मात्र आपल्या या पुस्तकांत क्वचितच वाचावयास मिळतो. बेसा परिसरात आज जी आपली कुटुंबे राहतात, त्यांची मूळ गावे निरनिराळी आहेत. कोणी रामटेककडचे, कोणी वऱ्हाडातले. घरातील तरुण मंडळी बँकांत, इस्पितळांत आणि मिहानमधील कचेऱ्यांत नोकरीस आहेत. त्यांच्या मुलाबाळांनी पान पाहिले आहे ते पूजेच्या ताटात. पानमळा पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम वेल म्हणजे काय ते पाहू. स्वतःच्या खोडाच्या बळावर उभी न राहता दुसऱ्याच्या आधाराने उजेडाकडे जाते ती वेल. चार्ल्स डार्विन या इंग्रज पंडिताने १८६५ साली वेलींच्या चढण्याच्या रीतींवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला व त्यांचे वर्ग पाडले. काही वेली खोडानेच आधाराला विळखा घालतात, काही पानांच्या देठांनी, काही ताण्यांनी, काही आकड्यांनी, तर काही मुळांनी वर चढतात. हा पाठ शिकण्यास विलायतेस जावयास नको. अंगणातील मांडवाकडे पाहिले तरी पुरे. वाल आणि मायाळू खोडानेच गुंडाळत जातात. कारले, दोडके, काकडी, दुधी आणि तोंडली यांना स्प्रिंगेसारखे ताणे असतात आणि द्राक्षवेलही ताण्यांचीच. नागवेलीचे मात्र निराळे. तिच्या प्रत्येक पेऱ्यापाशी बारीक मुळे फुटतात आणि त्या मुळांनी ती झाडाच्या सालीला चिकटून वर जाते. मिरीची वेलही तशीच. ती नागवेलीच्या कुळातलीच आहे आणि पिंपळीही त्याच कुळातली. जाता जाता एक सूचना. हल्ली सदनिकांच्या सज्जांत ‘मनी प्लांट’ नावाची जी वेल असते, तिचे पान नागवेलीसारखेच बदामी आकाराचे दिसते. पण ती खाण्याची नव्हे. तोंडात घातल्यास जीभ व घसा चुरचुरतात. लहान मुलांच्या घरी हे ध्यानात ठेवावे.

आता इतिहासाकडे वळू. नागवेल ही मूळची आपल्या मुलखातली नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे माहेर आग्नेय आशियातील दमट अरण्यांत मानतात आणि ‘तांबूल’ हा शब्दही संस्कृतात त्याच बाजूच्या भाषांतून आला असावा, असे कित्येक भाषापंडितांचे मत आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त नागवेल दोन ठिकाणी येते. चौथ्या सर्गात रघूचे सैनिक पूर्व किनाऱ्यावर कलिंगाच्या बाजूस तिच्या पानांचा उपयोग करतात आणि सहाव्या सर्गात ती दक्षिणेतील मलय प्रदेशी सुपारीच्या झाडांना वेढलेली दिसते. दोन्ही मुलूख समुद्राकाठचे, पावसाळी आणि सावलीचे. आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत मोठ्या साक्षेपाने मांडले. ते मान्य केले तरी त्या काव्यातील रामगिरीच्या वर्णनात घनदाट छायेचे वृक्ष आहेत, सीतेच्या स्नानाने पावन झालेले पाणी आहे, नागवेल मात्र नाही. ज्या रामटेकचे पान पुढे नावारूपास आले, तेथे महाकवीला ती दिसू नये, यावरून फार मोठे अनुमान काढणे धाष्टर्याचे होईल. इतके मात्र खरे की रामटेकची माती आणि रामटेकचे ऊन ही नागवेलीची नैसर्गिक जागा नव्हे. तेथे ती कोणी तरी आणली आणि जगवली.

हे जगवणे म्हणजे काय, ते समजल्यावाचून आपल्या पूर्वजांची थोरवी समजणार नाही. नागपुरास वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि झाडाचे पान करपवणारा वारा सुटतो. नागवेलीला तर थेट ऊन सोसत नाही, कोरडा वारा सोसत नाही आणि मुळाशी ओल सदैव लागते. पण पाणी साचले तर ती कुजते. या चारही अटी एकाच रानात पुऱ्या करावयाच्या, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात मलय देश उभा करावयाचा! त्यासाठी आपले लोक आधी शेवरी, पांगारा, हादगा, शेवगा यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे दाटीने लावीत. ती पुरुषभर उंच झाली की त्यांच्या बुडाशी वेलीचे पेरे लावावयाचे. झाडाने आधारही द्यावयाचा आणि सावलीही. मळ्याच्या चारी बाजूंस कुडाचे वा झाडांचे दाट कुंपण घालून वारा अडवावयाचा. उत्तरेकडे बुंदेलखंडात तर बांबू आणि गवत यांचे छप्पर घालून आख्खे रानच झाकतात. त्याला बरेजा म्हणतात. वेल शेंड्याला पोहोचली की तिची उतरण करावी लागते, म्हणजे वेल आधारावरून सोडवून खाली आणावयाची, तिचे वेटोळे करून बुडाशी मातीत पुरावयाचे आणि शेंडा पुन्हा वर चढवावयाचा. पुरलेल्या पेऱ्यांना नवी मुळे फुटतात आणि जुनी वेल पुन्हा तरुण होते. जाणत्या बाऱ्याच्या हातची एकच वेल वर्षानुवर्षे पान देत राहते ती या उतरणीमुळे.

पान खुडल्यावरही काम सरत नाही. ते नाशवंत. ओले राहिले तर सडते, वाळले तर करकरीत होते. टोपलीतील पाने वरचेवर वरखाली करावी लागतात, एक जरी डागी राहिले तरी शेजारची बिघडतात. पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली, या बिरबलाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर आपल्या समाजातील पोरांना न विचारता ठाऊक असे.

आमच्या समजुतीप्रमाणे ‘बारी’ या नावातही हेच कुंपण दडलेले आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवर १९१६ साली चार खंडांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बारी म्हणजे कुंपण किंवा वाडी, त्यावरून बरई, अशी व्युत्पत्ती सुचविली आहे. उत्तरेकडे गारपीट ‘वारण्या’चे काम आपल्या लोकांकडे असे, त्यावरून हे नाव आले, असा दुसराही तर्क त्यांनी नोंदविला आहे. दोन्ही तर्कच आहेत, हे त्यांनी लपविलेले नाही. ज्या ग्रंथकारांस खात्री नसते तेथे ते तसे सांगतात, हा गुण अनुकरणीय होय.

त्याच ग्रंथात आपल्याकडची नागवेलीची कथा आलेली आहे. घरोघरी ती थोड्याफार फरकाने सांगितली जाते. भारतीय युद्ध जिंकल्यावर पांडवांनी अश्वमेध मांडला, तेव्हा त्यांना विड्याचे पान हवे झाले. पण ते पृथ्वीवर नव्हतेच. मग पाताळात नागांच्या राणीकडे दूत गेले. तिने आपल्या करंगळीचे वरचे पेर तोडून त्यांच्या स्वाधीन केले. ते पेर जमिनीत पुरले आणि त्यातून नागवेल उगवली. म्हणूनच तिला फूल नाही, बी नाही. पेर कापून लावावे तेव्हाच ती वाढते. नागपंचमीस आपले लोक फुले व नारळ घेऊन मळ्यात जात, तेथील नागाच्या शिळेची पूजा करीत, दुधाची वाटी ठेवीत आणि त्या दिवशी मळ्यातील एकही पान खुडीत नसत. याचीही नोंद तेथे आहे.

नाग नदी, नागपूर, नागवेल आणि नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून पचमढीच्या डोंगरात जाणारी नागद्वाराची यात्रा, या सर्वांची सांगड घालून आपण प्राचीन नागवंशीय आहोत, असे प्रतिपादणारे लेख अधूनमधून वाचनात येतात. नावाच्या सारखेपणावरून कुळाचा पुरावा होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कथेचे मोल निराळ्याच ठिकाणी आहे. ती रचणाऱ्याने वेलीकडे नीट पाहिले होते. नागवेलीत नर-वेल आणि मादी-वेल वेगवेगळ्या असतात, लागवडीतील वेलींना आपल्याकडे फूल-फळ क्वचितच धरते आणि लागवड सर्वस्वी पेऱ्यांनीच होते, ही वनस्पतिशास्त्रातील गोष्ट करंगळीच्या पेराच्या रूपकात तंतोतंत उतरली आहे. याचा एक परिणाम असा की एका मळ्यातील हजारो वेली म्हणजे जणू एकाच वेलीचे तुकडे असतात. यात पुढे केवढे संकट दडले होते ते लवकरच सांगू.

विड्याचा लेखी पुरावा पुष्कळ जुना आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तांबुलाचे गुण सांगितलेले आहेत. परंतु आपल्या मंडळाच्या दृष्टीने अधिक मनोरंजक आहे तो माळव्यातील मंदसोरचा शिलालेख. लाट देशातून, म्हणजे आजच्या गुजरातच्या दक्षिण भागातून, रेशीम विणणाऱ्या कारागिरांची एक श्रेणी दशपुरास, म्हणजेच मंदसोरास, येऊन वसली. या श्रेणीने इ. स. ४३६ मध्ये सूर्याचे मंदिर बांधले आणि ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करून हा लेख कोरविला. त्यात आपल्या मालाची जाहिरात त्यांनी मोठ्या चातुर्याने केली आहे. तारुण्य आणि कांती असली, सुवर्णहार, तांबूल आणि फुले यांनी नटली, तरी रेशमी वस्त्र ल्याल्यावाचून स्त्री प्रियकराच्या भेटीस जात नाही, असा त्यातील एका श्लोकाचा आशय आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी विडा हा शृंगाराचा नित्याचा भाग होता आणि आपला गाव सोडून परमुलखी गेलेले व्यवसायबंधू एकत्र येऊन वर्गणीने वास्तू उभारीत व त्यावर आपला वृत्तांत लिहून ठेवीत. आपल्या मंडळाचे समाजभवन आणि ही स्मरणिका यांचे कुळ येथवर नेण्यास आमची हरकत नाही.

पुढे राजदरबारात तर विड्याचे माहात्म्य वाढतच गेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांत तांबूलभोगाचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. सोळाव्या शतकात गोव्यास राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या निजामशहाकडेही जात-येत असे. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात विड्याच्या पानावर संवाद लिहिला आहे. अकबराच्या कारकिर्दीतील ‘ऐने अकबरी’त अबुल फजलाने पानांच्या जाती दिल्या आहेत, बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपूरकांत आणि बंगला. यांतील कपुरी हे नाव वाचून रामटेककडील जुन्या मंडळींना ओळखीच्या माणसाची गाठ पडल्यासारखे वाटेल. जैसवार हे तर आपल्या उत्तरेकडील एका पोटशाखेचेही नाव आहे. पान आणि माणूस दोघेही रायबरेलीजवळच्या जायस गावचे! विडा उचलणे हा शब्दप्रयोग आज आपण निवडणुकीच्या सभेत ऐकतो, तो दरबारातील याच चालीचा अवशेष. कामगिरी पत्करणाऱ्याने भर सभेत पुढे येऊन तबकातील विडा उचलावयाचा.

राजवाड्यातून उतरून गावगाड्यात आले की चित्र पालटते. महाराष्ट्रातील गावांत बलुतेदारांच्या खालोखाल अलुतेदार असत आणि त्यांच्या यादीत तांबोळी येतो. म्हणजे लोहार-सुतारांवाचून गावाचे जसे अडे, तसे पानवाल्यावाचून अडत नसे. पण लग्न, मुंज, बारसे, हळदीकुंकू यांची शोभा त्याच्यावाचून होत नसे. वधूवरांनी एकमेकांच्या दातांतील विडा तोडण्याचा खेळ, देवापुढील गोविंदविडा, तेरा जिनसांचा त्रयोदशगुणी विडा, सुवासिनींच्या ओटीतील पानसुपारी, या सर्व ठिकाणी पान आमच्याच हातचे. मान आणि धान्य मात्र बेतानेच मिळे.

येथे एका गोड समजुतीचा उलगडा करणे अवश्य आहे. पूर्वी आपला सर्व समाज पानाच्या धंद्यात होता आणि तो आपल्याच पिढीने सोडला, अशी खंत सभासंमेलनांतून नेहमी व्यक्त होते. वस्तुस्थिती तशी नाही. उपरोक्त ग्रंथात १९११ च्या खानेसुमारीचे आकडे आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाड मिळून बरई समाजाची संख्या ६०,००० च्या जवळपास होती, मुख्यत्वे अमरावती, बुलढाणा, नागपूर, वर्धा, सागर आणि जबलपूर या जिल्ह्यांत. त्यांतील प्रत्यक्ष काम करणारे ३३,०००. आणि त्यांपैकी पान पिकवणारे व विकणारे फक्त १४,०००. म्हणजे आजपासून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच आपल्यातील निम्म्याहून अधिक माणसे साधी शेती, मजुरी आणि इतर उद्योगांत गेलेली होती. ज्या मुलाने अभियांत्रिकीची वाट धरली त्याला वेल सोडल्याचा दोष देण्यापूर्वी हा आकडा वडीलधाऱ्यांनी एकदा वाचावा.

आता ते संकट. पानमळ्यात पावसाळ्याच्या दिवसांत वेल एकाएकी मलूल होते, जमिनीलगतचे खोड काळे पडून कुजते आणि आठ-पंधरा दिवसांत वाफेच्या वाफे बसतात. याला मर म्हणतात. मळे एकाच वेलीच्या पेऱ्यांनी लावलेले असल्यामुळे जो रोग एकीला मारतो तो सर्वांना मारू शकतो. देवाचा कोप, विटाळ, दृष्ट अशी त्याची कारणे सांगितली जात. त्याचे खरे कारण शोधण्याचे काम ज्यांनी केले त्यांचे नाव आपल्या समाजात कोणास ठाऊक नसावे, याचे आम्हांस वाईट वाटते. जहांगीर फर्दुनजी दस्तूर हे ते पारशी गृहस्थ. बिहारातील पुसा येथे असताना त्यांनी १९१३ साली एरंडाच्या रोपांवर ‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’ नावाच्या बुरशीसदृश रोगजंतूचे प्रथम वर्णन केले. त्या नावाने तो जगभर ओळखला गेला. पुढे मध्यप्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून ते नागपुरास आले. तेव्हा पानवेलीची मर ही त्याच जातकुळीच्या जंतूमुळे होते, हे त्यांनी दाखविले. या विषयावर त्यांनी १९२७ साली एक टिपण प्रसिद्ध केले आणि १९३५ साली मध्यप्रांतातील पानाच्या रोगांवर विस्तृत निबंध लिहिला. हा जंतू मातीत राहतो आणि पाण्याबरोबर पसरतो.

यावर जो उपाय रूढ झाला तो बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे पाणी. त्याची जन्मकथा द्राक्षवेलीची आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मळेवाले त्यांवर निळसर पाणी शिंपडून ठेवीत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानी आले आणि १८८५ साली त्याने या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. एका वेलीचे औषध समुद्र ओलांडून दुसऱ्या वेलीच्या कामास आले. विड्यात चुना लागतोच. तो वेलीच्या मुळाशीही लागला!

पानमळ्यात जाताना पायतण बाहेर काढावे, हातपाय धुऊनच आत पाऊल टाकावे, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. तो पावित्र्याचा म्हणून सांगितला जाई. मातीतील रोग चिखलाच्या पायांनी एका मळ्यातून दुसऱ्यात जातो, हे कळल्यावर त्या दंडकाकडे आम्ही नव्या आदराने पाहू लागलो. पूर्वजांना जंतू ठाऊक होते असा याचा अर्थ नव्हे. चाल शहाणपणाची होती, एवढेच.

रोगापेक्षाही बाजाराने मळ्यांना अधिक पिडले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली, १८९१ साली बंगाल-नागपूर रेल्वेची वाट खुली झाली आणि नाशवंत पानाला दूरचा बाजार उपलब्ध झाला. पण ज्या रुळांनी आपले पान बाहेर गेले त्याच रुळांनी बाहेरचे पान आत आले. बंगालच्या दमट हवेत वाढलेले जाड, रुंद कलकत्ता पान आणि बनारसी म्हणून विकले जाणारे पान नागपूरच्या ठेल्यांवर मानाने बसले. तेथील हवेला सावली पुरते. आम्हांला सावली, पाणी, कुंपण आणि मजुरी या सर्वांचे मोल द्यावे लागते. ग्राहकाला त्याचे काय?

वऱ्हाडात आपल्या बांधवांनी यावर एक तोड काढली, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत १८०३ च्या डिसेंबरात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी केलेल्या तहासाठी येते. नागपूरच्या भोसल्यांचा देवगावचा तह त्याच महिन्यातला. आपल्याला मात्र ते गाव संत रूपलाल महाराजांचे म्हणून आणि पानपिंपरीचे म्हणून ठाऊक आहे. पानपिंपरी म्हणजेच वैद्यांची पिंपळी. नागवेलीची सख्खी बहीण शोभेल अशी ही वेल. तिलाही सावली आणि ओल हवी. म्हणून पानमळ्याचे कसब जसेच्या तसे तिच्या कामी आले. हिची कणसे वाळवून विकतात. ती पानासारखी दोन दिवसांत सडत नाहीत, त्यामुळे भावाची वाट पाहता येते. सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू होते, हे आपल्या आज्या सांगत. पण हिचा डंका प्राचीन रोमपर्यंत वाजत होता, हे बहुधा त्यांना ठाऊक नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने दर दिले आहेत. काळी मिरी एका रोमन पौंडास ४ दिनार, पांढरी ७ आणि पिंपळी १५. युरोपातील बहुतेक भाषांतले मिरीचे नाव ‘पिप्पली’ या संस्कृत शब्दावरूनच पडलेले आहे. २०२४ साली राज्य शासनाने रूपलाल महाराजांच्या नावाने बारी समाजासाठी आर्थिक विकास महामंडळ स्थापण्याचा निर्णय घेतला. त्याच्या योजनांत अशा वेलींच्या लागवडीस स्थान मिळविणे हे आपल्या प्रतिनिधींचे काम आहे.

यापुढील मजकूर लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण आपल्यातील कित्येक कुटुंबांची चूल पानठेल्यावर पेटते आणि त्यांचा अवमान करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु सत्य सांगणे प्राप्त आहे. नागपूर शहरात आणि बेसा-घोगलीच्या रस्त्यांवर आज ज्याला पानठेला म्हणतात, तेथे पान शोधावे लागते. खपतो तो खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. यात नागवेलीचे एकही पान नाही. राज्य शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. खर्रा मात्र हाताने घोटला जातो आणि गल्लोगल्ली मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचे १९८५ सालीच सांगितले होते. २००४ साली तिने तंबाखू नसलेला विडा आणि खुद्द सुपारी यांनाही त्याच वर्गात घातले. म्हणजे आमच्या आजोबांचा पितळी डब्यातला विडाही सुपारीमुळे निर्दोष ठरत नाही. हे आम्हांस रुचो वा न रुचो. तोंड उघडेनासे झालेली पंचविशीतील मुले आमच्या शाळेतून शिकून गेलेली आहेत आणि त्यांत आपल्या समाजाची मुलेही आहेत. पूजेतील आणि अक्षतांच्या वेळचा विडा राहू द्या. पण मंडळाच्या स्नेहसंमेलनात जेवणानंतर जी सुपारीची तबके फिरतात, त्यांऐवजी बडीशेप, गुलकंद आणि खोबरे घातलेले नुसते पान द्यावे, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. पान तरी खपेल! ठेलेवाल्या बांधवांनी यावर रागावून का होईना, पण सभेत येऊन बोलावे.

पानाला पुन्हा मान मिळवून देण्याची दुसरी एक वाट इतर प्रांतांनी धरली आहे. बिहारच्या मगही पानास २०१८ साली, केरळातील तिरूरच्या पानास २०१९ साली, महोब्याच्या देशावरी पानास २०२१ साली आणि बनारसी पानास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महोबा हे तर आपल्या महोबिया शाखेचे मूळ ठिकाण. अशा मानांकनास त्या मालाचा त्या स्थळाशी असलेला जुना संबंध कागदोपत्री दाखवावा लागतो. तेव्हा ज्यांच्या घरी पानमळ्याच्या जमाखर्चाच्या वह्या, पान रवाना केल्याच्या पावत्या, मळ्यांचे सातबारे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. घर बदलताना जुनी ट्रंक आधी रिकामी होते, हे आम्ही बेसा येथे गेल्या काही वर्षांत वारंवार पाहिले आहे. मंडळाच्या कचेरीत त्यांच्या प्रती काढून मूळ कागद परत देण्याची व्यवस्था केली आहे. कागद नसतील तर म्हाताऱ्या माणसांना बोलते करावे. उतरण कोणत्या नक्षत्रात करीत, कुंपणाला काय वापरीत, पाने मोजण्याची मापे कोणती होती, कोणत्या गावच्या पानाला कोणत्या बाजारात काय म्हणत, हे शब्द त्यांच्याबरोबर चालले आहेत.

बेसा येथे आज पानमळा लावावा असे कोणी म्हणणार नाही. जी जमीन एकरांनी मोजली जात होती ती आता चौरस फुटांनी मोजतात, आणि पूर्वी ज्वारी-तुरीची शेते होती तेथे सात-आठ मजली इमारती उभ्या आहेत. परंतु कुंडीत वेल लावता येते आणि काही घरांनी ती लावलीही आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. पावसाळा लागल्यावर निरोगी वेलीचे तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घ्यावे, दोन पेरे मातीत जातील असे लावावे. कुंडीच्या तळाशी भोके असावी, माती भुसभुशीत असावी, शेणखत पूर्ण कुजलेले असावे. सज्जा पूर्वेचा असल्यास उत्तम. पश्चिमेचा असल्यास होळीपासून मृगापर्यंत ओले पोते किंवा हिरवे जाळे लावून ऊन अडवावे. चढण्यास गुळगुळीत नळी न देता खरखरीत लाकूड किंवा काथ्या गुंडाळलेली काठी द्यावी, म्हणजे पेऱ्यांची मुळे धरतात. पाणी रोज, पण थोडे. वेल छताला लागली की तोडू नये, उतरण करून बुडाशी पुरावी. पहिली पाने साधारण वर्षाने खुडण्याजोगी होतात. नागपंचमीच्या दिवशी मात्र कुंडीतील वेलीचेही पान खुडू नये.